एक जण पडला की तीन जागा हलतात

24 जानेवारी 2021 ला कॅन्सस सिटी चीफ्सनी बफेलो बिल्सला 38-24 असं हरवलं आणि सलग दुसऱ्या वर्षी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा अंतिम सामना, गाठला. त्याच सामन्याच्या शेवटच्या भागात त्यांचा डावा टॅकल एरिक फिशर खाली बसला. टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला होता. अमेरिकन फुटबॉल फारसा न बघणाऱ्याला त्या रात्री एवढंच दिसलं असेल की एक धिप्पाड माणूस लंगडत बाहेर गेला आणि त्याच्या जागी दुसरा धिप्पाड माणूस आला. मैदानावर घडलं ते याहून बरंच मोठं होतं. त्याचे परिणाम दोन आठवड्यांनी टॅम्पातल्या सुपर बोलमध्ये साऱ्या जगाने पाहिले, आणि तरीही बहुतेकांनी ते क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, नावावर मांडले.

मी ओहायोत राहते. हा खेळ मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. शाळेच्या संघात ते गार्ड म्हणून खेळलेले. आता दोन्ही गुडघे गेलेत, पण नजर अजून तीच आहे. त्यांनी पहिली शिस्त लावली ती ही, की स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावर, दोन सेकंद चेंडूकडे बघायचं नाही. क्वार्टरबॅकच्या पुढे वाकून उभ्या असलेल्या पाच जणांकडे बघायचं. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. दोन सेकंदांत त्या पाचांचं काय होतंय ते कळलं, की पुढे चेंडूचं काय होणार ते बहुधा कळतंच. तेव्हापासून मला याच पाच जणांचं, म्हणजे लाइनचं, वेड लागलं. यांच्या नावावर गुण नाहीत, यार्ड नाहीत. यांचं नाव समालोचक घेतो ते बहुतेकदा काहीतरी बिघडल्यावर.

तर फिशर गेला. बिल्सविरुद्ध चीफ्सची लाइन डावीकडून उजवीकडे अशी होती: फिशर, अ‍ॅलेग्रेटी, रायटर, वायली, रेमर्स. 7 फेब्रुवारीला टॅम्पात ती अशी झाली: रेमर्स, अ‍ॅलेग्रेटी, रायटर, विस्निएव्स्की, वायली. नीट बघा. दुखापत एकाला झाली, पण पाचपैकी तीन जागांवर नवा माणूस आला. उजवा टॅकल रेमर्स डावीकडे गेला. त्याची जागा भरायला उजवा गार्ड वायली बाहेर सरकला. वायलीच्या जागी बाकावरचा विस्निएव्स्की आत आला. ही लाइन मुळात आधीच विरलेली होती. कित्येक वर्षं एकही स्नॅप न चुकवणारा उजवा टॅकल मिचेल श्वॉर्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर होता. गार्ड केलेची ओसेमेली दोन्ही गुडघे दुखावून बसला होता. आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या संघातला उजवा गार्ड लॉरेंट डुव्हर्ने-टार्डिफ हा डॉक्टर. करोनाच्या साथीत त्याने तो हंगाम सोडून दिला आणि माँट्रियलजवळ वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात काम करत राहिला. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. लाइनच्या माणसाला शोभेल असाच निर्णय होता तो.

टॅकलने बाजू बदलणं म्हणजे काय, हे आजोबांनी मला दिवाणखान्यात उभं राहून दाखवलं होतं. उजवा टॅकल उजवा पाय मागे ठेवून उभा राहतो, मागे सरकताना उजव्या पायाने वाट काढतो आणि डाव्या पायावर रेटा घेतो. आतला हात त्याचा डावा असतो. डावीकडे गेलं की सगळं उलटं. समोरून येणारा सव्वाशे किलोचा माणूस दोन-अडीच सेकंदांत क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो, त्यात कुठला पाय आधी टाकायचा याचा विचार करायला वेळच नसतो. पाय आपोआप पडले पाहिजेत. रेमर्स पूर्वी डावीकडे खेळला नव्हता असं नाही. पण त्या हंगामात त्याचे पाय उजव्या बाजूला रुळले होते.

याच माइक रेमर्सची आणखी एक गोष्ट आहे, ती आठवली की मला अजून वाईट वाटतं. टॅम्पाच्या बरोबर पाच वर्षं आधी, 7 फेब्रुवारी 2016 ला, तो कॅरोलायना पँथर्सचा उजवा टॅकल होता. त्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने त्याच्या बाजूने येऊन क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातातून चेंडू उडवला आणि डेन्व्हरला टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचल्याचे सहा गुण) मिळाला. मिलर सामन्याचा मानकरी ठरला. पाच वर्षांनी, त्याच तारखेला, रेमर्स पुन्हा सुपर बोलमध्ये टॅकलच्या जागी उभा होता. समोर शकील बॅरेट, जो त्या डेन्व्हर संघातही होता.

आता टॅम्पाचा तो सामना. चीफ्ससमोर टॅम्पाचाच संघ, बकनीअर्स. त्यांच्या बचावाचे सूत्रधार टॉड बोल्स. नोव्हेंबरमध्ये याच मैदानावर चीफ्सच्या टायरिक हिलने पहिल्या पंधरा मिनिटांत 203 यार्ड काढून त्यांचा बचाव फाडला होता. बोल्सनी धडा घेतला. दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, खोल मागे ठेवले, लांबचे पास बंद केले आणि पुढून बहुतेक वेळा चारच माणसं धाडली. चारच का पुरली, हा खरा प्रश्न. पाच जणांच्या लाइनला चार जण अडवता यायलाच हवेत. पण हे चार जण सरळ येत नाहीत. दोघं एकमेकांना फुली मारतात: बाहेरचा आत घुसतो, आतला वळसा घालून बाहेर जातो. तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापली माणसं एकमेकांच्या हवाली करायची असतात, आणि तीही न बोलता. अर्ध पाऊल उशीर झाला की एक जण मोकळा सुटतो.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी कबड्डीत कव्हरला खेळायचे. कोपऱ्यातल्या मुलीशी माझी साखळी होती. ती कधी झेपावणार हे मला तिच्या मनगटातून कळायचं. ती आजारी पडली की तिच्या जागी तिच्याहून चपळ मुलगी आली तरी पकड सुटायची, कारण मनगट नवं असायचं. चीफ्सच्या उजव्या बाजूला त्या रात्री गार्डही नवा आणि टॅकलही नवा. दोघं भले मोठे, अनुभवी, पण त्या जागांवर त्यांची साखळी जुळलेली नव्हती.

परिणाम असा झाला की चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याच्यावर 29 वेळा दबाव आला. सुपर बोलच्या नोंदींत तोवर कुठल्याही क्वार्टरबॅकवर इतक्या वेळा आला नव्हता. चेंडू टाकण्याआधी किंवा पाडला जाण्याआधी तो एकूण 497 यार्ड इकडून तिकडे पळाला, तेही पायाचा अंगठा दुखावलेला असताना. नंतर त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. चौथ्या भागात तो जमिनीला समांतर पडत असताना त्याने टाकलेला चेंडू थेट सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला. इतका अचूक पास मी पाहिलेला नाही, आणि तो झेलला न गेल्याने अपुरा म्हणून नोंदला गेला. 31-9. महोम्स खेळत असताना त्याच्या संघाला एकही टचडाउन न मिळता संपलेला पहिला सामना.

इथे मी चीफ्सवर नाराज आहे, आणि अजूनही आहे. लाइन मोडली होती हे त्यांना दोन आठवडे आधी ठाऊक होतं. तरी खेळण्याची पद्धत जवळजवळ तीच ठेवली. त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर याने 9 वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि 64 यार्ड काढले. दर खेपेला सात यार्ड! त्याला 9 वेळाच चेंडू का? मध्यंतराला 21-6 अशी पिछाडी झाल्यावर पास टाकणं भाग पडलं हे खरं. पण मध्यंतरापर्यंतही हट्ट सुटला नव्हता.

लाइन मोडते तेव्हा सावरायचं ते उरलेल्या सहा जणांनी आणि बाजूच्या रेषेवर कागद धरून उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने, हे माझं ठाम मत झालं आहे. प्रत्येकाने आपल्या वाटणीचं काहीतरी सोडायचं. टाइट एंड हा लाइनच्या टोकाला उभा राहणारा गडी, अडवणारा आणि झेलणाराही. त्याला पास झेलायला धावायची हौस असते. त्याने आधी त्या नवख्या टॅकलशेजारी थांबून बाहेरून येणाऱ्याला खांद्याचा एक दणका द्यायचा आणि मग निघायचं. या अर्ध्या सेकंदात त्याचा स्वतःचा पास हुकतो. रनिंग बॅकने मागे क्वार्टरबॅकपाशीच थांबायचं आणि मोकळा सुटलेला माणूस अंगावर घ्यायचा. पास झेलायला लांब पळणाऱ्या रिसीव्हरने पाच यार्डांवर वळायचं, कारण पंचवीस यार्डांपर्यंत पोचायला लागणारा वेळ आज उपलब्ध नाही. क्वार्टरबॅकने पहिला मोकळा माणूस दिसताच चेंडू सोडायचा. दुसरा, तिसरा शोधत बसायचं नाही. हे त्याला सगळ्यात जड जातं, कारण तिसरा शोधता येणं हीच तर त्याची ख्याती.

आणि प्रशिक्षकाने आपले लाडके डाव खोडायचे. धावांचे डाव वाढवायचे, कारण धावेच्या डावात लाइनचा माणूस पुढे जातो. कुठे जायचं ते त्याला ठाऊक असतं आणि समोरच्याला नसतं. पासच्या डावात तो मागे सरकतो आणि समोरचा ठरवतो. नवख्याला पुढे ढकलायला सांगा, तो ढकलेल. मागे सरकत आरशासारखं समोरच्याचं अनुकरण करायला सांगितलं की त्याची परीक्षा सुरू. म्हणून, दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नाला दहा-बारा यार्ड शिल्लक आहेत अशी वेळच येऊ द्यायची नाही. ती आली की पास टाकणार हे सगळ्या स्टेडियमला कळतं, आणि समोरचे चार जण कान टवकारून बसतात.

हे सगळं एकाच दुपारी जमलेलं मी पाहिलं ते 22 जानेवारी 2023 ला. आमच्या सिनसिनाटीचा संघ, बेंगल्स, बफेलोत बर्फात खेळत होता.

बेंगल्सचा या बाबतीतला इतिहास फार दुखरा. 2021 च्या हंगामात त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो नेहमीच्या सामन्यांत 51 वेळा आणि बाद फेरीत आणखी 19 वेळा पाडला गेला. टेनेसीत एकाच सामन्यात 9 वेळा, आणि तो सामना त्यांनी 19-16 असा जिंकला! सुपर बोलमध्ये 7 वेळा, आणि तो हरले. 2022 मध्ये, पुढच्या हंगामाआधी, संघाने पैसा ओतून अ‍ॅलेक्स कापा, टेड कॅरस आणि लेल कॉलिन्स असे तीन पक्के गडी आणले, डाव्या गार्डला कॉर्डेल व्होल्सन हा नवा पोरगा बसवला. पाचपैकी चार जागा नव्या, सगळे चांगले, आणि पहिल्या दोन सामन्यांतच बरो 13 वेळा पडला. गावात निराशा पसरली होती. आजोबा मात्र शांत होते. ते म्हणाले, यांना ऑक्टोबर दे. ऑक्टोबर आला आणि लाइन खरंच बसली.

मग डिसेंबरच्या अखेरीस कॉलिन्सचा गुडघा गेला. जानेवारीत कापाचा घोटा गेला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात डावा टॅकल जोना विल्यम्सही गेला. आता बफेलो, तिथल्या प्रेक्षकांचा गोंगाट आणि बर्फ. तीन आठवड्यांपूर्वी याच दोन संघांच्या सामन्यात, सिनसिनाटीतच, बिल्सचा डमार हॅमलिन हृदय थांबून मैदानावर कोसळला होता. तो बरा होऊन त्या दिवशी स्टेडियममध्ये आला होता. सगळं वातावरणच बिल्सच्या बाजूचं होतं, आणि मलाही ते योग्यच वाटत होतं.

बेंगल्सनी काय केलं? डाव्या टॅकलला जॅक्सन कारमन: आमच्याच फेअरफील्डचा मुलगा, कॉलेजात डावा टॅकल म्हणूनच खेळलेला. उजव्या गार्डला मॅक्स शार्पिंग. उजव्या टॅकलला हकीम अडेनिजी. तीन जागा रिकाम्या, त्यावर तीन माणसं. व्होल्सन आणि कॅरस आपापल्या जागी कायम. कुणाला सरकवलं नाही. तीन दुखापती होऊनही तीनच जागा हलल्या. चीफ्सची एक दुखापत झाली तेव्हाही तीनच हलल्या होत्या. हा हिशेब मला फार बोलका वाटतो.

आणि मग सगळ्यांनी आपापलं सोडलं. जो मिक्सनने 20 धावांत 105 यार्ड काढले, संघाने मिळून 172. बरोच्या हातातून चेंडू निघत होता तो असा की समोरच्यांना हात वर करायलाही वेळ मिळू नये. चेंडू हाती आला त्या पहिल्या दोन्ही खेपांना टचडाउन: आधी जमार चेसला 28 यार्डांचा, मग टाइट एंड हेडन हर्स्टला 15 यार्डांचा. 14-0 झालं आणि बफेलोचा गोंगाट बसला. बरो दिवसभरात एकदाच पडला. 27-10. कारमनला अडवताना पाहून आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते परवडणारं नव्हतं.

बिल्सकडे व्हॉन मिलर नव्हता, त्याचाही गुडघा नोव्हेंबरमध्येच गेला होता. बर्फाने बाहेरून वळसा घालणाऱ्यांचे पाय घसरत होते, पुढे ढकलणाऱ्यांना मात्र त्याचा कमी त्रास होत होता. हे दोन्ही बेंगल्सच्या पथ्यावर पडलं. पण असं पथ्यावर पडलेलं वापरता यायला आधी तसा डाव मांडलेला असावा लागतो, आणि तो त्यांनी मांडला होता.

पुढच्याच रविवारी चीफ्सच्या मैदानावर, अ‍ॅरोहेडला हीच लाइन चीफ्ससमोर उभी राहिली आणि बरो पाच वेळा पाडला गेला. ख्रिस जोन्सने, ज्याला बाद फेरीत त्याआधी एकही सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणं) मिळाला नव्हता, दोन घेतले. शेवटचा सॅक शेवटच्या मिनिटात आला आणि बेंगल्सना चेंडू सोडून द्यावा लागला. 23-20. एक आठवडा पुरतो ते दोन आठवडे पुरत नाही. चीफ्सनी बफेलोचं चित्रीकरण पाहिलेलं होतं. नवखा कुठल्या बाजूला कमी पडतो, हे एकदा चित्रफितीवर आलं की ते सगळ्या लीगच्या मालकीचं होतं.

बदली माणसांना तयारीची संधी तरी किती मिळते? लीग आणि खेळाडूंमधल्या 2011 च्या करारापासून हंगामात पॅड घालून करायचे सराव 14 वरच आले आहेत. खेळाडूंच्या शरीरासाठी ते हवंच होतं, मला त्याबद्दल शंका नाही. पण लाइनचं काम अंगाला अंग लागल्याशिवाय शिकता येत नाही, आणि जो थोडा सराव होतो तो पहिल्या पाचांच्या वाट्याला जातो. सहावा, सातवा माणूस बहुतेक सगळं डोळ्यांनी शिकतो. लीगलाही हे ठाऊक असावं. 2020 च्या करारात सामन्याच्या दिवशी 48 वा खेळाडू उतरवायची मुभा दिली ती एका अटीवर: त्यात लाइनचे किमान आठ जण हवेत.

टॅम्पाच्या पराभवानंतर चीफ्सनी लाइन मुळापासून बदलली. फिशर आणि श्वॉर्ट्झला मोकळं केलं. जो थुनीला आणलं, ऑर्लँडो ब्राउनला बॉल्टिमोरकडून घेतलं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत निवडला. दोन वर्षांनी त्यांची गाठ फिलाडेल्फिया ईगल्सशी पडली, ज्यांनी त्या हंगामात 70 सॅक घेतले होते. त्या सुपर बोलमध्ये महोम्स एकदाही पडला नाही. 38-35. त्या दिवशी उजवा टॅकल कोण होता? अँड्र्यू वायली. टॅम्पात ज्याला ऐन वेळी बाहेर सरकवलं होतं, तोच. आता अख्खा हंगाम त्याच जागेवर खेळलेला. माणूस तोच, जागाही तीच. मधल्या काळात पाय त्या जागेला रुळले होते आणि शेजारचा गार्ड ओळखीचा झाला होता.

निक अ‍ॅलेग्रेटीचं तर काय सांगू. सातव्या फेरीत निवडलेला हा गडी नव्या लाइनमध्ये पुन्हा बाकावर गेला आणि तक्रार न करता बसला. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलच्या आधी थुनी दुखावला. चीफ्सनी या वेळी कुणालाही सरकवलं नाही, डाव्या गार्डला थेट अ‍ॅलेग्रेटी. दुसऱ्या भागात त्याच्या कोपरातला स्नायुबंध फाटला. तो उरलेला सामना तसाच खेळला, जादा वेळेसह. 25-22, चीफ्स विजयी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत महोम्सची छायाचित्रं होती आणि ती असायलाच हवी होती. पण मी अ‍ॅलेग्रेटीचे एकेक स्नॅप पुन्हा काढून पाहिले, एकट्याने बसून, आणि प्रत्येक वेळी त्याचा तो हात जिथे जायला हवा तिथे जाताना पाहिला.

इतकं सगळं करून, पाहून, 2024 च्या हंगामाच्या शेवटी चीफ्स परत तिथेच आले. डाव्या टॅकलची जागा कुणाला झेपेना, म्हणून डिसेंबरपासून थुनीला, लीगमधल्या उत्तम गार्डांपैकी एकाला, बाहेर सरकवलं आणि त्याच्या जागी माइक कॅलिएन्डोला बसवलं. थुनीने इमानाने किल्ला लढवला, बिल्सविरुद्धचा सामनाही संघाने जिंकला. म्हणून हे चालून जाईल असं बऱ्याच जणांना वाटलं. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ईगल्सनी एकदाही जादा माणूस न धाडता, आपल्या पुढच्या चौघांच्या बळावर महोम्सला सहा वेळा पाडलं. 40-22. महिन्याभरात थुनीला शिकागोला देऊन टाकलं, आणि एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत आमच्या ओहायो स्टेटचा डावा टॅकल जॉश सिमन्स निवडला. सिमन्सचाही गुडघा आदल्या ऑक्टोबरमध्येच दुखावला होता, हे ऐकून आजोबांनी डोक्याला हात लावला.

हा खेळ बघत असाल तर एक करून बघा. लाइनचा एखादा माणूस लंगडत बाहेर जाईल, लगेच जाहिराती लागतील. परत आल्यावर आधी पाच नंबर वाचून घ्या: आत आलेला माणूस त्याच जागी उभा आहे की बाकीचेही सरकलेत? मग टाइट एंड कुठल्या बाजूला उभा आहे ते बघा आणि पुढच्या तीन डावांपैकी किती धावेचे आहेत ते मोजा. तीनपैकी दोन धावेचे असतील आणि टाइट एंड त्या नवख्याला चिकटून असेल, तर सामना सोडून उठू नका.